पुढचं स्टेशन : मॉन्युमेंट

आधीच कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठीचा तास पी.टी.च्या तासाला लागून असायचा आणि दोन्ही तासांना आम्ही सारख्याच दमायचो. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळ मागे लागलं तेव्हा मी आठवडाभर कॅन्टीनचा रस्ता बदलला होता. शेवटी पकडली गेलेच. शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी काढल्या आहेत, बाकीच्या माझ्या समजाव्यात.

विषय मात्र मी शोधला नाही, तो सेमिनारमध्ये अंगावर आला. टी.ई.च्या सेमिनारला मी लाईट रेल घेतलं होतं. लाईट रेल म्हणजे ट्रामची शिकलेली धाकटी बहीण म्हणा. डबे हलके, वळणं सहज घेते, उपनगरात जमिनीवरून पळते आणि भर गावात आली की बोगद्यात शिरते. उदाहरण म्हणून मी इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यूकॅसलची टाइन अँड वेअर मेट्रो निवडली. नावात मेट्रो असली तरी जात लाईट रेलचीच. तिचे पहिले डबे जर्मनीतल्या श्टाटबानच्या डब्यावरून बेतलेले होते. ती १९८० साली सुरू झाली. वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे आपल्या मुंबईच्या लोकलला कित्येक दशकं होता तोच. न्यूकॅसलच्या पोटात बोगदा खणताना गोटे मिसळलेली चिकणमाती लागली, आणि नदीपलीकडे गेट्सहेडला वाळूचा दगड आणि कोळसा. तिथे जुन्या खाणी होत्या, काही तर मध्ययुगातल्या. ती भोकं आधी बुजवली आणि मगच बोगदा पुढे सरकला. हे सगळं मी घडाघडा म्हटलं.

मग आलं मॉन्युमेंट स्टेशन. शहराच्या अगदी मध्यावर, जमिनीखाली, १९८१ साली उघडलेलं. चार प्लॅटफॉर्म, दोन उत्तर-दक्षिण आणि दोन पूर्व-पश्चिम. गंमत म्हणजे यलो लाईनची एकच गाडी एकाच फेरीत या स्टेशनात दोनदा येते. निघते, समुद्रापर्यंत मोठा वळसा घालते, आणि परत त्याच स्टेशनात, पण दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर. वर्गाला हे आवडलं. स्लाईडवर स्टेशनच्या दाराचा फोटो होता आणि त्याच्या डोक्यावर चाळीसेक मीटर उंच दगडी खांब, त्यावर एक माणूस उभा. सरांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, नेल्सन असेल सर. खांबावर उभा असलेला इंग्रज म्हणजे नेल्सन, एवढंच माझं ज्ञान! सर म्हणाले की ज्याच्या नावावर स्टेशन आहे त्याचा पत्ता नाही आणि व्होल्टेज मात्र पाठ आहे. सेमिनार झाल्यावर मी लायब्ररीत जाऊन बसले, ते या लेखापर्यंत.

तो माणूस चार्ल्स ग्रे. दुसरा अर्ल ग्रे. हो, चहाच्या डब्यावरचा. चहाचं नंतर बघू.

ग्रेचा जन्म १३ मार्च १७६४ चा, न्यूकॅसलच्या उत्तरेला नॉर्थंबरलँड परगण्यातल्या फॅलोडन गावी. वडील लष्करात जनरल. घरी जमीनजुमला भरपूर. मुलगा आधी ईटनला, मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, मग युरोपची सहल, आणि १७८६ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी थेट पार्लमेंटमध्ये. म्हणजे आपण ज्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय बांधायला शिकतो त्या वयात हा खासदार. यात त्याची हुशारी किती आणि घराणं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. दिसायला देखणा आणि बोलायला पट्टीचा होता, याबद्दल मात्र त्याच्या शत्रूंचंही दुमत नव्हतं.

तिथे तो चार्ल्स जेम्स फॉक्सच्या गटात, म्हणजे व्हिग पक्षात सामील झाला, आणि लवकरच एका भारतीय प्रकरणात उभा राहिला. वॉरन हेस्टिंग्ज आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं ते याच गव्हर्नर जनरलच्या काळात. तो मायदेशी परतल्यावर बनारसचा राजा आणि अवधच्या बेगमा यांच्याशी केलेल्या वागणुकीबद्दल पार्लमेंटने त्याच्यावर महाभियोग चालवला. फिर्यादीच्या बाजूने बर्क, फॉक्स, शेरिडन यांच्यासारखे दिग्गज होते, आणि त्यांच्या रांगेत हा चोवीस वर्षांचा ग्रेही होता. खटला १७८८ ते १७९५ चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण हाताखालच्या देशाशी कसं वागलात याचा जाब सत्तेतल्या माणसाला विचारता येतो, हे ग्रेने उमेदवारीच्या काळातच पाहिलं.

याच काळात तो प्रेमातही पडला. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना, लंडनच्या समाजातली सगळ्यात चर्चेतली बाई, ग्रेपेक्षा मोठी आणि विवाहित. १७९२ मध्ये तिला ग्रेपासून मुलगी झाली, इलायझा. बाळंतपण फ्रान्समध्ये गुपचूप झालं आणि मूल ग्रेच्या आईवडिलांनी वाढवलं. जॉर्जियानाला आपली बाकीची मुलं राखायची तर ग्रेशी नातं तोडणं भाग होतं, तिने तोडलं. दोन वर्षांनी ग्रेचं मेरी पॉन्सनबीशी लग्न झालं, संसार छान झाला, डझनावर मुलं झाली. या प्रकरणावर इंग्रजीत सिनेमाही निघालाय, ‘द डचेस’, त्यामुळे आमच्या हॉस्टेलमध्ये ग्रे माझ्याआधीच माहीत होता, फक्त कोणी मला सांगितलं नव्हतं! मला इथे खटकतं ते एवढंच की भोगावं लागलं ते जॉर्जियानाला. ग्रेच्या करिअरला ओरखडाही उठला नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी तो खांबावर गेला.

त्या काळचं ब्रिटिश पार्लमेंट म्हणजे आपल्या कल्पनेतली लोकशाही नव्हे. कुठल्या गावाला किती खासदार हे शतकांपूर्वी ठरलं होतं आणि नंतर कोणी हात लावला नव्हता. ओल्ड सॅरम नावाची एक ओसाड टेकडी होती. तिथे राहायला कुणी नाही, पण तिला दोन खासदार. डनिच नावाचं बंदर बरंचसं समुद्राने गिळलं होतं, तरी त्याचे दोन खासदार शाबूत. आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, जिथे गिरण्या धडधडत होत्या, त्यांना स्वतःचा एकही नाही. अशा सडक्या मतदारसंघांची चक्क खरेदी-विक्री चालायची. मतदान उघड असायचं, म्हणजे जमीनदारासमोर उभं राहून सांगायचं की मत कोणाला. मी मागच्या निवडणुकीत आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं, पुठ्ठ्याच्या आडोशाआड, आणि बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं तरी सांगितलं नाही. त्यामुळे ही उघड मतदानाची भानगड वाचताना मला फारच विचित्र वाटली.

१७९२ मध्ये ग्रे आणि त्याच्या मित्रांनी ही व्यवस्था बदलण्यासाठी एक संस्था काढली. १७९३ मध्ये त्याने पार्लमेंटमध्ये ठराव मांडला. बाजूने ४१ मतं, विरुद्ध २८२. वेळ याहून वाईट असूच शकत नव्हती. पलीकडे फ्रान्समध्ये राजाचं डोकं नुकतंच उडवलं होतं आणि सुधारणा हा शब्द उच्चारला तरी इंग्लंडच्या सरदारांना गिलोटिन दिसत होतं. १७९७ मध्ये पुन्हा प्रयत्न, पुन्हा पराभव, ९१ विरुद्ध २५६. त्यानंतर ग्रे थंडावला. नॉर्थंबरलँडमधल्या हॉविकच्या घरी बायकामुलांत रमला. लंडन तिथून घोडागाडीने काही दिवसांच्या अंतरावर, आणि त्याला यायचा कंटाळा. त्याच्या पक्षातले लोक यामुळे वैतागत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

मध्ये एकदा थोडक्यात सत्ता मिळाली. १८०६ मध्ये फॉक्सचा पक्ष सरकारात आला, ग्रे आधी नौदल खात्याचा प्रमुख झाला, आणि फॉक्स वारल्यावर परराष्ट्रमंत्री व सभागृहाचा नेता. त्या काही महिन्यांत एक काम मात्र भलं मोठं झालं. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ मध्ये कॉमन्समधून त्याने पुढे नेला. २८३ विरुद्ध १६ मतांनी दुसरं वाचन पार पडलं. विल्बरफोर्सचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते योग्यच आहे, पण सरकारच्या बाकावरून ते विधेयक रेटणारा हा होता. लगेचच कॅथलिकांना लष्करात वरच्या जागा देण्यावरून राजा तिसरा जॉर्ज बिथरला आणि सरकार पडलं. त्याच वर्षी वडील वारले, चार्ल्स अर्ल झाला आणि कॉमन्समधून लॉर्ड्समध्ये गेला.

आणि मग तेवीस वर्षं काहीच नाही. १८०७ ते १८३०. तेवीस! माझं अख्खं आयुष्य त्यात बसतं आणि वर तीन वर्षं उरतात. वॉटर्लू झालं, नेपोलियन संपला, १८१९ मध्ये मँचेस्टरला मताचा हक्क मागणाऱ्या सभेवर घोडेस्वार घातले, माणसं मेली. राज्यावर आलेल्या चौथ्या जॉर्जला ग्रे डोळ्यांसमोर नको होता. ग्रे अधूनमधून भाषण करी, बाकी हॉविकला. १८३० साली त्याला कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता की माझं राजकारण संपलं, असं मला वाटतं.

पण त्या एका वर्षात सगळंच हललं. जूनमध्ये चौथा जॉर्ज वारला आणि चौथा विल्यम गादीवर आला. जुलैमध्ये पॅरिसला पुन्हा क्रांती झाली. दक्षिण इंग्लंडमध्ये उपाशी शेतमजूर मळणीयंत्रं फोडू लागले. आणि नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान वेलिंग्टन, वॉटर्लू जिंकलेला तोच, लॉर्ड्समध्ये उभा राहून म्हणाला की आहे ही व्यवस्था उत्तम आहे, सुधारणेची काही गरज नाही. पंधरवड्याच्या आत त्याचं सरकार गेलं. २२ नोव्हेंबर १८३० ला सहासष्ट वर्षांचा ग्रे पंतप्रधान झाला.

मंत्रिमंडळ पाहिलं तर हसू येतं. लोकांना हक्क द्यायला निघालेलं सरकार आणि त्यात जवळपास सगळे लॉर्ड किंवा लॉर्डांची पोरं. ग्रेचा जावई डरहॅम, मोठा कोळसाखाणींचा मालक, विधेयक लिहिणाऱ्या चौघांपैकी एक होता. त्यांचा हिशोब साधा होता. मध्यमवर्गाला वेळीच आत घेतलं तर बाहेरचे गोरगरीब एकटे पडतील आणि क्रांती टळेल. ग्रेने हे कधी लपवलं नाही. त्याला जुनी इमारत पाडायची नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर रेट्रोफिटिंग करायचं होतं.

मार्च १८३१ मध्ये विधेयक आलं. इतके मतदारसंघ एका झटक्यात रद्द होणार हे ऐकून सभागृहात आधी लोक हसले म्हणे. दुसऱ्या वाचनाला मतदान झालं तेव्हा बाजूने ३०२, विरुद्ध ३०१. एका मताने! पुढे समितीत सरकार हरलं. ग्रेने राजाला पटवून पार्लमेंट विसर्जित केलं, निवडणूक घेतली आणि जुन्याच सडक्या पद्धतीने झालेल्या त्या निवडणुकीत सुधारणावाल्यांना दणदणीत बहुमत मिळालं. विधेयक पुन्हा कॉमन्समधून निघालं आणि ८ ऑक्टोबर १८३१ ला लॉर्ड्सने ४१ मतांनी फेकून दिलं.

त्यानंतर इंग्लंड पेटलं. नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला. ब्रिस्टलला तीन दिवस दंगल चालली, बिशपचा वाडा जळाला, सैन्य आलं, माणसं मेली. आपला एक माणूस हे सगळं तिथूनच पाहत होता, राजा राममोहन रॉय. ते १८३१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडला पोचले होते आणि या विधेयकाच्या बाजूने इतके ठाम होते की ते पडलं तर इंग्लंडशी संबंध तोडेन, इथपर्यंत त्यांनी मित्रांना कळवलं होतं. कलकत्त्याहून आलेल्या, तिथे मताचा अधिकार नसलेल्या माणसाला मँचेस्टरच्या मताची एवढी काळजी! मला हे वाचून अभिमान वाटला आणि थोडं आश्चर्यही.

तिसऱ्यांदा विधेयक आलं. एप्रिल १८३२ मध्ये लॉर्ड्सने नऊ मतांनी ते कसंबसं पुढे सरकू दिलं आणि मे महिन्यात पुन्हा पाय ओढला. ग्रेने राजाकडे मागणी केली की आमच्या बाजूचे पन्नास नवे लॉर्ड नेमा, म्हणजे बहुमत होईल. राजा नाही म्हणाला. ९ मेला ग्रेने राजीनामा दिला. पुढचे काही दिवस म्हणजे शुद्ध थ्रिलर आहे. वेलिंग्टन सरकार बनवायला निघाला, कोणी सोबत येईना. गावोगावी सभा, कर भरणार नाही अशा शपथा, आणि लोकांनी एक नवीनच हत्यार काढलं. बँक ऑफ इंग्लंडपुढे रांगा लावून नोटा द्यायच्या आणि सोनं मागायचं. तिजोरी रिकामी होऊ लागली. आठवड्याभरात वेलिंग्टनने हात टेकले, राजाने नवे लॉर्ड नेमण्याचं लेखी वचन दिलं आणि ग्रे परत आला. ते वचन वापरावंच लागलं नाही. धमकी ऐकूनच विरोधक घरी बसले. ४ जूनला लॉर्ड्समध्ये १०६ विरुद्ध २२ मतांनी विधेयक पास झालं आणि ७ जून १८३२ ला कायदा झाला. पहिल्या ठरावापासून एकोणचाळीस वर्षांनी, त्याच माणसाच्या हातून.

आता त्यात मिळालं काय? ५६ सडके मतदारसंघ पार रद्द झाले. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्सला प्रत्येकी दोन खासदार मिळाले. शहरात वर्षाला दहा पौंड भाड्याच्या लायकीचं घर असणाऱ्या पुरुषाला मत मिळालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण पाच प्रौढ पुरुषांतला एक मतदार झाला. म्हणजे चार बाहेरच. ज्यांनी सभा भरवल्या, मोर्चे काढले, ब्रिस्टलला गोळ्या खाल्ल्या, त्यातले बहुतेक बाहेर. आणि बायका? त्याआधी कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ग्रेच्या कायद्याने मतदार म्हणजे पुरुष असा शब्दच घालून ठेवला. गुप्त मतदान १८७२ पर्यंत आलं नाही.

इथे माझं आणि माझ्या रूममेटचं भांडण झालं. तिचं म्हणणं, अर्धी भाकरी तरी त्यानेच दिली ना? एक मत कमी पडलं असतं तर काहीच मिळालं नसतं. माझं म्हणणं, उरलेली अर्धी देऊ नये म्हणूनच त्याने ही अर्धी दिली. मळणीयंत्रं फोडणाऱ्या मजुरांना ग्रेच्याच सरकारने धडा शिकवला. एकोणीस जणांना फाशी झाली आणि चारशेहून जास्त लोकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना युनियनची शपथ घेतली म्हणून तीच शिक्षा झाली, तेव्हाही पंतप्रधान ग्रेच. ती म्हणाली, मग तू त्याच्यावर लेख कशाला लिहितेस? उत्तर देता आलं नाही. मेसची वेळ झाली होती, आम्ही जेवायला गेलो.

पण हा वाद मला सोडेना, कारण पुढच्याच वर्षीच्या दोन कायद्यांत आपण येतो. दोन्हींवर राजाची मोहोर एकाच दिवशी उमटली, २८ ऑगस्ट १८३३ ला.

पहिला गुलामगिरी रद्द करणारा. १८०७ ला व्यापार थांबला होता, पण जे आधीच गुलाम होते ते गुलामच होते. या कायद्याने १८३४ पासून ब्रिटिश वसाहतींतले आठ लाखांवर लोक कागदावर मोकळे झाले. कागदावर अशासाठी की सहा वर्षांखालची पोरं सोडली तर बाकीच्यांना उमेदवार या नावाने जुन्याच मालकाकडे राबायचं होतं. तो प्रकार १८३८ मध्ये संपला. नुकसानभरपाई ठरली दोन कोटी पौंड. कोणाला? मालकांना! राबणाऱ्यांना एक छदाम नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने फेडला तो २०१५ साली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळला होता. हिंदुस्थानात तसा कायदा व्हायला १८४३ उजाडलं.

आणि मळेवाल्यांना आता स्वस्त मजूर हवे होते. मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी १८३४ पासून करारावर हिंदुस्थानी माणसं नेली जाऊ लागली. पुढच्या पाऊणएकशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास लोक तिथे उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या रत्नागिरीकडची कितीतरी कुटुंबं होती. मॉरिशसमधले आजचे मराठी लोक त्यांचेच वंशज, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मी मूळची राजापूरची. आमच्या गावातून कोणी गेलं होतं का, हे आजीला विचारलं तर ती म्हणाली की गेलेले सांगायला परत थोडेच आले. न्यूकॅसलच्या खांबापासून सुरुवात करून मी राजापूरला पोचेन असं सेमिनारच्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

दुसरा कायदा कंपनीच्या सनदेचा. त्यात लिहिलं गेलं की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग यांमुळे कुठल्याही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीतून वगळू नये. लिहिलं गेलं, पाळलं फारसं गेलं नाही. पण लिहिलेलं असल्यामुळे पुढे आपल्या पुढाऱ्यांना ते इंग्रजांच्या तोंडासमोर धरता आलं. याच कायद्याने कंपनीची चीनच्या चहावरची मक्तेदारी गेली. तर हा ग्रेचा आणि चहाचा खरा संबंध! त्याने कुठल्या चिनी अधिकाऱ्याचा जीव वाचवला आणि त्याने बक्षीस म्हणून चहाची कृती दिली, ही डब्यावरची गोष्ट छान आहे, पण ग्रे आयुष्यात कधी चीनला गेला नव्हता.

जुलै १८३४ मध्ये आयर्लंडच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळात फाटाफूट झाली आणि ग्रेने राजीनामा दिला. सत्तर वर्षांचा झाला होता. हॉविकला परतला आणि या वेळी खरंच परतला. न्यूकॅसलच्या लोकांनी वर्गणी काढून १८३८ मध्ये, तो जिवंत असतानाच, खांब उभारला. वरचा पुतळा बेलीने घडवला. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातला नेल्सनही याच बेलीचा, म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते! ज्या वर्षी खांब उभा राहिला त्याच वर्षी बाहेर राहिलेल्या चौघांनी, म्हणजे कामगारांनी, आपली सनद काढली. सर्व पुरुषांना मत आणि गुप्त मतदान या त्यांच्या मागण्यांत होत्या. ग्रे १७ जुलै १८४५ ला हॉविकला वारला, तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरलं.

१९४१ मध्ये वीज पडून पुतळ्याचं डोकं खाली आलं. युद्ध चालू होतं, त्यामुळे काही वर्षं ग्रे बिनडोक्याचाच उभा होता. १९४७ मध्ये नवं डोकं बसवलं. मग बोगदेवाले आले आणि त्याच्या पायाखाली चार प्लॅटफॉर्म झाले.

सेमिनारच्या स्लाईड मी परत उघडल्या, तो यलो लाईनचा नकाशा बघायला. गाडी सेंट जेम्सहून निघते आणि पुढचं स्टेशन मॉन्युमेंट. तिथून समुद्राकडे, टाइनमथ. परत वळून पुन्हा मॉन्युमेंट. मग नदी ओलांडून गेट्सहेड आणि शेवटी साउथ शील्ड्स. टाइनमथ, गेट्सहेड, साउथ शील्ड्स, तिन्ही गावांना स्वतःचा पहिला खासदार मिळाला तो १८३२ च्या कायद्याने, प्रत्येकी एक.

– टी. ई. (सिव्हिल)